फॉर्म कोणी भरला? परदेशी शिबिरांबद्दल वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

परदेशातली सेवाशिबिरं आणि साहसशिबिरं यांची तयारी कशी करायची, यावर आलेल्या प्रश्नांपैकी पाच इथे घेतले आहेत. गेली कित्येक वर्षं मी गोव्यातल्या मुलांना अशा शिबिरांसाठी तयार करते. मूल समोर येऊन बसलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: फॉर्म कोणी भरला? उत्तर येण्याआधीच आईचा चेहरा बोलतो.

मुलगी 17 वर्षांची आहे. पुढच्या उन्हाळ्यात तिला फ्रान्समध्ये तीन आठवड्यांच्या वर्क कॅम्पला जायचं आहे. तिचे बाबा बोटीवर असतात, सगळं मलाच बघावं लागतं. कागदपत्रं काय लागतील? आणि तिला रोज फोन करू ना? ती एक रात्रसुद्धा घराबाहेर राहिलेली नाही. (एक आई, म्हापसा)

ताई, वर्क कॅम्प म्हणजे काय ते आधी सांगते, कारण काही घरांत तो सहलीचा प्रकार समजला जातो. 1920 साली पिएर सेरेसोल या स्विस माणसाने पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेलं एक गाव पुन्हा उभारायला फ्रान्समध्ये व्हर्दंजवळ वेगवेगळ्या देशांतले स्वयंसेवक जमवले. कालपर्यंत एकमेकांवर बंदुका रोखलेल्या देशांतली माणसं तिथे एकत्र दगड-माती वाहत होती. 1934 च्या भूकंपानंतर हाच माणूस आपल्याकडे बिहारमध्ये गावं पुन्हा वसवायला आला होता. आजही त्या शिबिरांचा गाभा तोच आहे: सकाळी अंगमेहनत, पाळीपाळीने स्वयंपाक आणि भांडी. जेवण-मुक्काम सहसा यजमानांकडून मिळतो, प्रवासखर्च आपला. बऱ्याच शिबिरांना 18 पूर्ण लागतात. त्याखालच्यांसाठी वेगळी शिबिरं असतात, तीच बघा.

आता कागद. पासपोर्ट आज काढून बघा. लहानपणी काढलेला पासपोर्ट 5 वर्षांनी किंवा 18 पूर्ण होताच, जे आधी येईल तेव्हा संपतो. 15 ते 18 वयात 10 वर्षांचा पासपोर्ट मागता येतो, तोच घ्या. शेंगेन व्हिसासाठी (फ्रान्ससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) परतीच्या तारखेनंतर किमान 3 महिने पासपोर्ट चालू असावा लागतो आणि निदान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, तेव्हा मे महिन्याची वाट बघत बसू नका. मूल 18 च्या आत असेल तर आई-वडील दोघांचं संमतिपत्र मागतात, तेही नोटरी केलेलं. गोव्यातली मुलं नेमकी इथे अडकतात. बाबा पुढची बोट धरायच्या आधी त्यांची सही घेऊन ठेवा, मग समुद्रावरून कागद मागवायची धावपळ होणार नाही.

फोनचं म्हणाल तर रोज नको. आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या वेळी. पहिल्या चार दिवसांत रडू येतंच, आणि त्या चार दिवसांत आईचा आवाज कानावर पडत राहिला तर ते लांबतं. त्याआधी तिला इथेच दोन-तीन रात्री बाहेर काढा, पण मावशीकडे नको, तिथे लाडच होतील. एखाद्या शिबिरात, जिथे स्वतःचं ताट स्वतः घासावं लागतं, तिथे पाठवा. आणि शिबिराच्या संयोजकांना पत्र लिहायचं असेल तर ते तिलाच लिहू दे, इंग्रजी थोडं चुकलं तरी चालेल.

मी 20 वर्षांचा, बी.कॉम.ला आहे. एका एजंटने नेपाळमधल्या अनाथाश्रमात दोन आठवडे मुलांना शिकवायची संधी दिली आहे. फी साठ हजार, शेवटी प्रमाणपत्र. सीव्हीला उपयोग होईल असं म्हणतात. जाऊ का? (एक विद्यार्थी, डिचोली)

नको जाऊस. कारणं नीट सांगते, कारण तुझ्या मनात चांगलंच आहे हे मला दिसतं.

नेपाळ आणि कंबोडियासारख्या देशांत अनाथाश्रमांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, जिवंत आहेत. शिक्षणाचं आमिष दाखवून खेड्यांतून मुलं आणली जातात, कारण पैसे भरून 'सेवा' करायला येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायला मुलं हवी असतात. पाहुणे वाढले की आश्रम वाढतात. असा धंदा करणारे आश्रम आहेत, आणि बाहेरून बघून ते ओळखता येत नाहीत. युनिसेफने याविरुद्ध वारंवार बजावलं आहे. शिवाय त्या मुलाच्या बाजूने विचार कर. दर पंधरा दिवसांनी एक नवा दादा येतो, कडेवर घेतो, गाणी म्हणतो आणि निघून जातो. मी अशा एका ठिकाणी पूर्वी गेले आहे, तेव्हा मलाही कळत नव्हतं. तिथली चार वर्षांची पोर दारातून येणाऱ्या प्रत्येक अनोळखी माणसाच्या गळ्यात पडायची. मला ते प्रेम वाटलं होतं. पुढे एका बालमानसतज्ज्ञ मैत्रिणीने सांगितलं की घरात वाढलेलं चार वर्षांचं मूल अनोळखी माणसाला बघून आधी आईच्या मागे लपतं. ते वाक्य माझ्या मनातून अजून जात नाही.

एजंटला चार गोष्टी विचार. साठ हजारांतले किती पैसे त्या गावात पोचतात? माझ्याऐवजी तिथल्याच एखाद्या शिक्षकाला पगार दिला तर काय बिघडेल? मुलांशी संबंध येणार असताना तुम्ही माझ्याकडून पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र का मागत नाही? मी कुठल्या परवान्यावर काम करणार? पुष्कळ देशांत बिनपगारी सेवासुद्धा काम धरतात आणि पर्यटक व्हिसावर ती चालत नाही. आणि बोलण्यात मध्येच 'पुढे तिथेच नोकरी लावून देतो' आलं, तर तो परदेशी नोकरभरतीचा मामला झाला. त्यासाठी विदेश मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर एजंटची नोंदणी असावी लागते. नसेल तर पुढचा फोन उचलू नकोस.

तू बी.कॉम.चा आहेस. हिशेब लिहिता येणारा माणूस कुठल्याही लहान संस्थेला हवाच असतो. ते काम घेऊन बाहेर जा, किंवा आधी डिचोलीतच कर. मुलांपासून दूर बसून केलेली तीही सेवाच आहे.

मुलगा 19 वर्षांचा, मित्रांबरोबर एव्हरेस्ट बेस कॅम्पला निघालाय. रोज फुटबॉल खेळतो, तब्येत दणकट आहे. आणखी काही तयारी लागते का? (एक वडील, फोंडा)

लागते, आणि दणकट मुलांची मला जास्त काळजी वाटते, कारण ती भराभर चढतात. विरळ हवेला फुटबॉलचा दम कळत नाही. आपल्या गोव्यातलं सगळ्यात उंच शिखरसुद्धा बाराशे मीटरच्या आत आहे. लुक्ल्याला विमानातून उतरताच मुलगा सुमारे 2850 मीटरवर असेल, नामचे बाजार 3440 आणि बेस कॅम्प 5364. नियम साधा आहे. 3000 मीटरच्या वर आजचा मुक्काम कालच्या मुक्कामापेक्षा 500 मीटरहून जास्त उंच नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं. डोकं दुखणं, मळमळ, भूक मरणं ही उंचीच्या आजाराची सुरुवात असते. तेव्हा आणखी वर जायचं नाही. सरळ रेषेत एका पावलाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावत चालताना तोल जात असेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्र असली तरी खाली उतरायचं. कोणी एकाने 'मला बरं वाटत नाही' म्हटलं की हसायचं नाही, हे त्याच्या मित्रांकडूनही कबूल करून घ्या. या आजारासाठीची डायमॉक्स गोळी डॉक्टरांना विचारूनच. विम्यात किती उंचीपर्यंतचा ट्रेक धरला आहे आणि हेलिकॉप्टरचा खर्च आहे का, ते वाचून बघा. नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं, आधार चालत नाही.

आणि बूट. हे मी ओरडून सांगते. आपल्या दमट हवेत कपाटात दोन-तीन पावसाळे पडून राहिलेल्या ट्रेकिंग बुटांचा आतला पॉलियुरेथेनचा थर हवेतला ओलावा खाऊन भुसभुशीत होतो. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो. माझ्या गटातल्या एका मुलाच्या बुटाचा तळवा दुसऱ्याच दिवशी मगरीच्या जबड्यासारखा उघडला. आम्ही तो दोरीने बांधला, वर चिकटपट्टी गुंडाळली. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या बुटाचाही भुगा झाला. मुलगा रडकुंडीला आला होता आणि माझ्याकडे द्यायला दुसरी जोडी नव्हती. तेव्हा जुने बूट असतील तर तळवा अंगठ्याने दाबून, वाकवून बघा. नवे घेतले तर निदान महिनाभर आधी घ्या आणि तेच घालून, पाठीवर आठ किलो घेऊन चढ-उतार करू द्या. फोंड्याच्या आसपास टेकड्यांना काही तोटा नाही.

मी 16 वर्षांची. कयाक-राफ्टिंगच्या परदेशी शिबिरात निवड झाली आहे, पण मला पोहता येत नाही. लाइफ जॅकेट असतंच ना? (एक मुलगी, मडगाव)

असतं, पण तेवढ्यावर जाऊ नकोस. समुद्राकाठी वाढलेल्या किती मुलांना पोहता येत नाही, हे बघून मला दर वर्षी वाईट वाटतं. शिबिराला तसं आजच खरं खरं कळव, लपवू नकोस. मग तरणतलावात प्रशिक्षकाकडे शिक, आणि पावसाळ्यात ओहोळावर किंवा धबधब्याखाली तर मुळीच नको.

एक गोष्ट इथे कोणी शिकवत नाही. आपला समुद्र कोमट आहे. बर्फ वितळून येणाऱ्या नदीचं पाणी 10 अंशांच्याही खाली असू शकतं. त्यात पडताच श्वास आपोआप आत ओढला जातो, छाती धडधडते, आणि पोहता येणारी माणसंही या पहिल्या मिनिटात घाबरून पाणी गिळतात. त्या वेळी हातपाय मारायचे नाहीत. उताणं व्हायचं, तोंड पाण्याबाहेर ठेवायचं, श्वास ताब्यात येईपर्यंत तरंगायचं. उताणं तरंगणं आधी शिक, पोहण्याचे प्रकार मागाहून.

केनियात जातोय. पीतज्वराची (यलो फीवरची) लस गोव्यात मिळते का? (वास्को)

मिळते, तुमच्या दारातच, मुरगाव बंदराच्या आरोग्य कार्यालयात. बोटीवर जाणाऱ्यांना ते ठिकाण पाठ असतं, शेजारी विचारा. लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्यायची, प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. ते जपून ठेवा. परत येताना ते नसेल तर भारतात उतरल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात.

शेवटी पेडण्याच्या एका मुलाचं पत्र. त्यात प्रश्न नव्हता, एवढंच होतं: "आमच्याकडे एवढे पैसे नाहीत, म्हणून माझं राहून गेलं."

राहून गेलेलं काही नाही, बाळा. मोरजीचा किनारा तुझ्याच तालुक्यात आहे. नोव्हेंबरपासून तिथे ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वन खातं घरटी राखतं. रात्री किनाऱ्यावर उजेड आणि गोंगाट होऊ न देणं, लोकांना समजावणं, पिल्लं पाण्याकडे निघाली की टॉर्च बंद ठेवायला लावणं, या कामाला माणसं लागतात. ही कासवं बघायला लोक लांबून येतात. डोंगराची ओढ असेल तर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा सुमारे महिनाभराचा बेसिक कोर्स आहे. परदेशी शिबिराच्या मानाने खर्च फार कमी, पण जागा लवकर भरतात, वर्षभर आधी अर्ज कर. वन खात्याच्या माणसांना ऑक्टोबरातच जाऊन भेट. एक वही ठेव: तारीख, किती तास, काय केलं. आणि अर्ज स्वतःच्या अक्षरात लिही.