स्कॉटलंड कमी खर्चात: गाडीचा नाद सोडा, ओबनला मुक्काम ठोका

ताई, तुमचा बेत वाचला. मेअखेर तुम्ही दोघं लंडनला भाचीकडे येणार, तिथून आठ रात्री स्कॉटलंड. एडिंबराहून भाड्याची गाडी घेऊन लॉख नेस, इनव्हरनेस, स्काय बेट, ग्लासगो असं वर्तुळ, रोज नवं हॉटेल. लॉख (म्हणजे तिथली तळी), किल्ले, बेटं सगळंच बघायचंय, पण हिशेब आवाक्याबाहेर चाललाय. तर कुठे काटकसर करू, असं विचारलंत.

माझं मत विचाराल तर या बेतात काटकसरीला जागाच नाही. गाडीचं भाडं, पेट्रोल, जागोजागचं पार्किंग आणि एकेका रात्रीच्या महाग खोल्या, हे सगळं त्या वर्तुळासोबतच येतं. म्हणून बेतच बदला. गाडी घेऊ नका, आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या ओबन या बंदरात चार-पाच रात्री एकाच खोलीत राहा. तिथून तिन्ही गोष्टी रेल्वे, बस आणि बोटीने आरामात होतात.

ग्लासगोच्या क्वीन स्ट्रीट स्टेशनवरून ओबनला थेट गाडी आहे, साधारण तीन तास. दिवसाला मोजक्याच असतात, तेव्हा वेळापत्रक आधी बघा. काही गाड्या क्रियनलारिकला दुभंगतात, अर्धे डबे ओबनला आणि अर्धे फोर्ट विल्यम-मॅलेगकडे जातात, म्हणून चढतानाच डबा विचारून घ्या. जाताना उजवीकडे लॉख लोमंड दिसतं. डलमली स्टेशन गेलं की मात्र डावीकडे सरका: लॉख ऑच्या टोकाशी पंधराव्या शतकातला किलचर्न किल्ला उभा आहे, मागे डोंगर आणि तीन बाजूंनी दलदल नि पाणी. उन्हाळ्यात तो फुकट बघता येतो, फक्त उतरून काही किलोमीटर चालायची तयारी हवी. आत जाता येतंय का ते आदल्या दिवशी संकेतस्थळावर पाहा, कारण जुन्या भिंतींच्या तपासणीसाठी असे किल्ले अधूनमधून बंद ठेवतात.

तिकिटांबद्दल एक चांगली बातमी. स्कॉटलंडच्या रेल्वेवर, म्हणजे स्कॉटरेलवर, गर्दीच्या वेळचं जादा भाडं 1 सप्टेंबर 2025 पासून कायमचं गेलं, त्यामुळे सकाळची पहिली गाडी पकडली तरी तेवढेच पैसे. लंडनहूनही रेल्वेनेच येणार असाल तर दोघांत मिळून ‘टू टुगेदर’ रेलकार्ड काढा. 35 पौंड पडतात, पण दोघं एकत्र प्रवास करताना तिकिटावर एक तृतीयांश सूट मिळते, म्हणजे लंडनच्या एकाच फेरीत ते वसूल होऊ शकतं. कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊच्या आधी मात्र ते चालत नाही.

‘स्पिरिट ऑफ स्कॉटलंड’ नावाचा पासही कुणीतरी सुचवेलच. आपल्या एसटीच्या ‘आवडेल तेथे प्रवास’ पाससारखाच तो आहे: आठ दिवसांतले कुठलेही चार, किंवा पंधरातले आठ, आणि त्यात रेल्वे, कॅलमॅकच्या बोटी आणि काही लांब पल्ल्याच्या बसही येतात. रोज मोठा पल्ला मारणाऱ्याला तो उत्तम. तुम्ही ओबनला राहिलात तर सुटी तिकिटंच स्वस्त पडतील, कारण बोटीचं भाडं मुळातच कमी आहे.

हे भाडं कमी का, ते कळलं की सगळा बेत सोपा होतो. कॅलमॅक ही सरकारी मालकीची बोटसेवा बेटांवर राहणाऱ्यांसाठी चालते. तेवढंच अंतर रस्त्याने कापायला जो खर्च येईल त्याला बोटीचं भाडं जोडायचं, असं धोरण आहे आणि 2015 पर्यंत ते पश्चिमेच्या सगळ्या बेटांना लागू झालं. परिणामी ओबनहून मल बेटावरच्या क्रेगन्यूरला पायी प्रवाशाचं एका बाजूचं तिकीट चार-पाच पौंडांच्या घरात. सायकल फुकट. गाडी चढवली की त्याच फेरीचा खर्च कितीतरी वाढतो आणि आगाऊ आरक्षणाशिवाय जागा मिळेलच असंही नाही. आणि या पाऊण तासाच्या फेरीत काय दिसतं! लिझमोरचा दीपस्तंभ, दोन्हीकडे डोंगर, आणि मलच्या कड्यावर मॅक्लीन घराण्याचा ड्यूअर्ट किल्ला, तोही समुद्रातून, जसा तो बघायला हवा तसा. ‘लॉख क्रूझ’ म्हणून जे विकतात त्यावर पैसे घालू नका. हीच तुमची क्रूझ.

एक पूर्ण दिवस आयोना बेटासाठी ठेवा. सकाळची बोट, क्रेगन्यूरला बोटीच्या वेळेला जुळवलेली बस, एका गाडीपुरत्या अरुंद रस्त्याने सव्वा तासात मलच्या पार पश्चिम टोकाला फिओनफोर्ट, आणि तिथून दहा मिनिटांची छोटी बोट. आयोनावर पाहुण्यांच्या गाड्यांना बंदीच आहे, म्हणजे गाडीवालेही तिथे तुमच्यासारखेच पायी. आयर्लंडहून आलेल्या संत कोलंबाने इसवी सन 563 मध्ये इथे मठ वसवला. मठाला तिकीट आहे, ते काढा, पैसे सत्कारणी लागतात. उत्तर टोकाची पांढरी वाळू आणि हिरवंनिळं पाणी मात्र फुकट आहे. परतीची शेवटची बस चुकली तर रात्र बेटावरच, हे डोक्यात पक्कं ठेवा.

या सगळ्या सहलीत मोठा खर्च एकच करा: स्टाफा बेट. आयोना किंवा फिओनफोर्टहून खासगी बोट जाते, माणशी चाळीस-पन्नास पौंड. फिंगल्स केव्ह ही बसाल्टच्या षटकोनी खांबांची गुहा तिथे आहे. 1829 मध्ये संगीतकार मेंडेल्सन इथे येऊन गेला. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिली असेल तर हे खांब ओळखीचे वाटतील, लाव्हा थंड होताना तडकून दोन्हीकडचे खांब असेच घडले. मेमध्ये पफिन पक्षीही असतात. हवा बिघडली तर बोट निघत नाही, म्हणून हा दिवस मुक्कामाच्या सुरुवातीला ठेवा, म्हणजे पुढे सरकवता येतो.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित जागा म्हणजे केरेरा बेट. ओबनपासून तीनेक किलोमीटरवर गॅलनाख, तिथून काही मिनिटांची बोट, आणि मग मेंढ्यांच्या कुरणांतून दहा-अकरा किलोमीटरचा फेरफटका. दक्षिण टोकाला, समुद्रावर झुकलेल्या खडकावर गायलन किल्ला. मॅकडूगल घराण्याने 1582 मध्ये बांधलेला, 1647 मध्ये युद्धात जाळला गेला, तेव्हापासून तसाच. तिकीट नाही, रांग नाही. बेट, किल्ला आणि समुद्र हे तिन्ही एका दिवसात, जवळजवळ फुकटात मिळतं. सह्याद्रीत फिरणाऱ्याला हा किल्ला प्रसिद्ध अर्कर्ट किल्ल्यापेक्षा जास्त भावेल असं मला मनापासून वाटतं. लॉख नेसकाठचं अर्कर्ट देखणं आहे, पण तिकीट, गर्दी आणि ओबनहून तिथवरचं अंतर बघता या खेपेला सोडा.

ओबननंतर दोन रात्री फोर्ट विल्यमला. बस किनाऱ्याने जाते, वाटेत डावीकडे पाण्यात कॅसल स्टॉकर दिसतो. बस थोड्या आहेत आणि रविवारचा भरवसा धरू नका. दुसऱ्या दिवशी मॅलेगची गाडी पकडा, पण साधी. ग्लेनफिननचा 21 कमानींचा पूल सगळ्यांना वाफेच्या ‘जॅकोबाइट’ गाडीतूनच बघायचा असतो आणि तिचं तिकीट भारी असतं. स्कॉटरेलची नेहमीची गाडी त्याच पुलावरून, त्याच रुळांवरून, कितीतरी कमी पैशात जाते. जाताना डावीकडे बसा, लॉख शील त्या बाजूला आहे. फोर्ट विल्यममधला जुना इन्व्हरलॉखी किल्लाही विनातिकीट आहे.

स्कायचं काय, हे तुम्ही विचारणारच. मॅलेगहून आर्मडेलला बोटीने पाऊण तासाच्या आत पोहोचता. पण एका दिवसात आर्मडेलभोवतीच फिरणं होईल. स्टॉर, क्विरांग हे तिथले प्रसिद्ध कडे बघायला पोर्ट्री या गावात किमान दोन रात्री हव्यात, आणि तिथल्या खोल्या हंगामात फार महाग. आठ रात्रींत मी स्काय घेणार नाही. घ्यायचंच असेल तर फोर्ट विल्यम गाळा आणि ग्लासगो-पोर्ट्री बसने जा. वाटेत आयलन डोनन किल्लाही दिसतो.

राहायला हॉस्टेल बघा. ‘हॉस्टेलिंग स्कॉटलंड’ची ओबनला समुद्रासमोर आणि ग्लेन नेव्हिसला अशी वसतिगृहं आहेत, त्यांत जोडप्यांना स्वतंत्र खोलीही मिळते. वयाची अट नाही. स्वयंपाकघर असतं, आणि खरी बचत तिथेच होते: ओबनला टेस्को नि लिडल, फोर्ट विल्यमला स्टेशनजवळ मॉरिसन्स. थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणा. तूप, पेढे, कुठलेही दुधाचे किंवा मांसाचे पदार्थ भारतातून आणायला मनाई आहे. शाकाहारी असाल तर बेटांवर जाताना डबा बरोबर हवाच.

तंबू घेऊन येणाऱ्या इतर वाचकांसाठी थोडक्यात: 2003 च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये बहुतेक मोकळ्या जमिनीवर जबाबदारीने तंबू ठोकता येतो. लॉख लोमंडच्या काही काठांवर मात्र मार्च ते सप्टेंबर परवाना लागतो.

मेअखेर हा काळ छान निवडलात. रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो आणि ‘मिज’ नावाच्या चावऱ्या चिलटांचा जोर तोवर पुरता सुरू झालेला नसतो. तरी ‘स्मिज’ या चिलटं पळवणाऱ्या औषधाची बाटली घ्या. मेच्या शेवटच्या सोमवारी सुट्टी असते, त्याला लागून येणारा शनिवार-रविवार टाळा. खोल्यांचे भाव तेव्हा चढतात.

आरक्षणाचा क्रम असा ठेवा: आधी ओबनची खोली, मग फोर्ट विल्यमची, मग लंडन-ग्लासगो रेल्वे. बोटीचं सगळ्यात शेवटी. शेवटची रात्र ग्लासगोतच काढा, कारण वाऱ्यामुळे बोट रद्द झाली तर परतीची गाडी हुकायला नको. तारखा ठरल्या की इथेच टाका, त्या दिवसांच्या बस आणि बोटी जुळवून देतो.