सोलापूरचा इतिहास बघायला निघताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मोठा सातवीत, धाकटी दुसरीत, आणि सोबत सत्तरी ओलांडलेल्या सासूबाई. एका रविवारी गावातच इतिहास दाखवायचा आहे. सुरुवात कुठून करू?
— एक वाचक, जुळे सोलापूर

सोलापूरचा इतिहास एका छपराखाली मिळत नाही, तो गावभर विखुरलेला आहे. म्हणून दोनच ठिकाणं धरा : भुईकोट किल्ला आणि भैया चौकातलं डॉ. कोटणीस स्मारक. तिसरं घेतलंत की धाकटी रडणार आणि मोठा मोबाइल मागणार.

किल्ला आधी, तोही उन्हं चढायच्या आत. मार्चनंतर दहा वाजताच काळा दगड तापतो, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. मात्र संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते. तेव्हा त्या भागात गाडी लावायलाही जागा मिळत नाही. किल्ल्यात मुलांना एकच काम द्या : तटात नक्षीचे दगड शोधा. जुन्या मंदिराचे कोरीव दगड बांधकामात वापरलेले असल्याने साध्या चिऱ्यांत मध्येच एखादी वेलबुट्टी दिसते. तो दगड तिथे कसा आला, हा प्रश्न मग मुलंच विचारतात. सासूबाईंना तट चढायला लावू नका. खाली सावलीत बसू द्या.

स्मारकात बहुतेक गोष्ट फोटोंमधून सांगितली आहे. लहान मुलं फोटोंवरून भराभर पुढे सरकतात, म्हणून गोष्ट घरीच सांगून ठेवा. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१०चा, सोलापुरातला. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८मध्ये भारतातून पाच डॉक्टर गेले, त्यांतले परत न आलेले हे एकटेच. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२व्या वर्षी ते तिथेच वारले. एवढं माहीत असलं की मुलं फोटोतले चेहरे शोधू लागतात. पाऊण तास पुरे.

जाता-जाता चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी थांबा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना, इंग्रजांनी १९३०मध्ये सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतर (लष्करी अमलानंतर), १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. शाळेच्या प्रकल्पाला याहून जवळचा विषय नाही.

प्रश्न : तेरचं संग्रहालय मुलांना घेऊन जाण्याजोगं आहे का? की नुसती खापरं आहेत?
— एक वाचक, होटगी रोड

खापरं आहेतच, पण ती कशी बघायची ते ठाऊक नसेल तर ९० किलोमीटरचा प्रवास वाया गेल्यासारखा वाटेल.

धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासग्रंथात ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचं म्हटलं आहे, आणि तिथून गाड्या भरभरून कापड भडोच बंदराकडे जाई असंही. चादरींच्या गावातल्या मुलांना हा धागा लगेच कळतो. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंवर हे सरकारी संग्रहालय उभं आहे.

पांढऱ्या मातीच्या बाहुल्यांसमोर सगळ्यात जास्त वेळ घालवा. त्या दुहेरी साच्यातल्या : पुढची बाजू एका साच्यात, मागची दुसऱ्यात दाबायची, मग दोन्ही अर्धुकं जोडायची. म्हणून आतून पोकळ. समोरून बघू नका, कडेने बघा. काहींच्या कानामागून खांद्यापर्यंत सांध्याची रेघ दिसते. सातवाहन नाण्यांवर एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला अधिकचिन्हाच्या चार टोकांना चार गोल शोधा. शिसं मऊ, त्यामुळे शिशाच्या नाण्यांवरचे ठसे झिजतात. चित्र पुसट म्हणून नाणं बनावट, असं नसतं.

नंतर गावातलं त्रिविक्रम मंदिर बघा. पक्क्या विटांचं, मागची बाजू अर्धगोल. गोरोबाकाकांचं मंदिरही तेरलाच.

सोमवार टाळा. मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमेला तुळजापुरात गर्दी असते, तेव्हा वाटेत वेळ जाईल हे धरून निघा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर घ्या, पण दालनात डबा उघडू नका : सांडलेल्या कणांमागे मुंग्या, झुरळं, उंदीर येतात आणि मग ते लाकूड-कागदावर वळतात.

प्रश्न : काचेतल्या वस्तूंचे फोटो नेहमी चकाकतात. उपाय?
— एक वाचक, सात रस्ता

आधी परवानगी विचारा. फ्लॅश बंद. चकाकी म्हणजे तुमच्या मागची खिडकी किंवा दिवा, तेव्हा तो काचेतून दिसणार नाही अशी जागा बदला, आणि काचेला न टेकवता मोबाइल जितका जवळ नेता येईल तितका न्या. गडद रंगाचा शर्ट घाला, पांढरा काचेत उमटतो. आणि आधी पाटीचा फोटो, मग वस्तूचा; नाहीतर घरी आल्यावर कुठली बाहुली कुठल्या काळातली याचा पत्ता लागत नाही.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत जुनी नाणी आणि १९३०च्या सुमाराची कागदपत्रं निघाली. संग्रहालयाला द्यायची आहेत. पॉलिश करून देऊ का?
— एक वाचक, शुक्रवार पेठ

अजिबात नको. चिंच, लिंबू, पितांबरी यांपैकी काहीही लावू नका. नाण्यावरचा हिरवट-काळा थर शतकानुशतकं बसलेला असतो. तो घासताना अक्षरांची धारही जाते आणि ती परत आणता येत नाही. कागदांना सेलोटेप नको, लॅमिनेशन तर नकोच : टेपचा गोंद पिवळा पडून कागदात मुरतो आणि लॅमिनेशन पुढे सोलून काढता येत नाही. घड्या उलगडून, प्रत्येक कागद स्वच्छ कोऱ्या कागदात ठेवून सपाट डब्यात ठेवा. घड्या कडक झाल्या असतील तर ओढू नका, तसेच राहू द्या.

खरं मोल माहितीचं. वस्तू कोणाची, घरात कशी आली, पेटीत तिच्यासोबत आणखी काय होतं, हे वेगळ्या वहीत लिहा. वस्तूवर पेनने काही लिहू नका. देताना दानपत्र करा आणि नोंदवहीतला क्रमांक लेखी घ्या. दिलेली प्रत्येक वस्तू दालनात मांडली जाते असं नाही, बरंच काही कोठीत राहतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आधीच सांगितलेलं बरं. नाणी पेटीतली नसून जमीन खणताना सापडलेली असतील तर मामला वेगळा : १८७८च्या गुप्तधन कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. ते आधी करा, संग्रहालय नंतर.