वाचक विचारतात: फोर-के डिस्कवर मारधाडपटांचा संग्रह

फोर-के (३८४० × २१६० ठिपक्यांच्या) अल्ट्रा एचडी ब्ल्यू-रे संग्रहाविषयी आलेल्या प्रश्नांपैकी निवडक सात. उत्तरांमध्ये सोयीसाठी ‘फोर-के डिस्क’ आणि ‘साधी ब्ल्यू-रे’ एवढे दोनच शब्द वापरले आहेत.

प्रश्न: स्ट्रीमिंगवर फोर-के चित्र घरी येतेच. मग मारधाडपटांसाठी डिस्क विकत घेण्यात काही अर्थ आहे का?

संथ, संवादप्रधान चित्रपटासाठी कदाचित नसेलही. मारधाडपटाची गोष्ट वेगळी. व्हिडिओ आवळताना प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवत नाहीत. आजूबाजूच्या फ्रेमपेक्षा काय बदलले, तेवढे प्रामुख्याने लिहितात. दोन माणसे टेबलाशी बसून बोलत असतील तर बदल थोडा आणि डेटाही थोडा. पण स्फोट झाला की ठिणग्या, धूर, उडालेली माती, फुटलेली काच, सगळेच एकदम हलते. त्यात भराभर कट. अशा वेळी डेटा अपुरा पडला की धुराचे चौकोनी ठोकळे होतात आणि अंधाऱ्या आकाशावर पट्टे उमटतात.

फोर-के स्ट्रीमिंग साधारणपणे सेकंदाला १५ ते २५ मेगाबिटच्या आसपास चालते. ६६ जीबीच्या फोर-के डिस्कला १०८ आणि तीन थरांच्या १०० जीबी डिस्कला १२८ मेगाबिटपर्यंत जायची मुभा आहे. सरासरी याहून बरीच कमी असते, पण त्या दहा सेकंदांच्या स्फोटात वर जायला जागा असते आणि तीच कामाला येते. आवाजाचेही तसेच. डिस्कवर आवाज चहूबाजूंनी आणि वरूनही खेळवणारा डॉल्बी अ‍ॅटमॉस सहसा ट्रूएचडीमध्ये, म्हणजे काहीही न गाळता येतो. स्ट्रीमिंगवर तो डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये आवळलेला असतो.

प्रश्न: जुनी साधी ब्ल्यू-रे आहे, तर तोच चित्रपट फोर-केमध्ये पुन्हा घ्यावा का? कसे ठरवायचे?

डबीवरच्या काळ्या पट्टीवरून ठरवू नका. चित्रपट कशावर चित्रित झाला आणि त्याची अंतिम प्रत किती रिझोल्यूशनला तयार झाली, हे आधी पाहा. संग्रहाचे पैसे इथेच वाचतात किंवा वाया जातात.

सर्वांत खात्रीचा गट म्हणजे १९७० ते १९९०च्या दशकांतले, ३५ मिमी फिल्मवर चित्रित झालेले मारधाडपट. चांगल्या जपलेल्या मूळ निगेटिव्हमध्ये साध्या ब्ल्यू-रेच्या १९२० × १०८० ठिपक्यांत न मावणारा तपशील असतो. निगेटिव्ह नव्याने फोर-केला स्कॅन केली असेल तर फरक डोळ्यांत भरतो. वर्णनात ‘मूळ निगेटिव्हवरून नवे फोर-के स्कॅन’ असा स्पष्ट उल्लेख शोधा. नुसते ‘रीमास्टर्ड’ या शब्दाला काही किंमत नाही.

दुसरा गट साधारण २००० ते २०१५चा. या काळात संगणकी दृश्ये आणि रंगसंस्कार टू-केलाच (फोर-केच्या साधारण निम्म्या रुंदीला) पुरे करण्याची पद्धत होती, त्यामुळे अशा चित्रपटांची फोर-के डिस्क म्हणजे वाढवलेले टू-के. म्हणून ती टाकाऊ मात्र ठरत नाही. २०१५च्या ‘मॅड मॅक्स: फ्युरी रोड’ची अंतिम प्रत टू-केच आहे, तरी एचडीआरमुळे (उजेड-अंधारातला पल्ला वाढवणारी चित्रपद्धत) वाळवंट, ज्वाळा आणि रात्रीचे निळे प्रसंग साध्या ब्ल्यू-रेपेक्षा स्पष्ट वेगळे दिसतात. अशा डिस्कवर धार फारशी वाढत नाही. वाढते ती प्रकाशाची आणि रंगांची झेप. तुमचा टीव्ही एचडीआरला पुरेसा उजळ नसेल तर या गटात साधी ब्ल्यू-रे खुशाल ठेवा.

तिसरा गट सावधपणे घ्यायचा. फिल्मचे दाणे म्हणजे दोष, असे समजून काही प्रती संगणकाने घासून गुळगुळीत केल्या जातात. दाण्यांबरोबर त्वचेची छिद्रे, कापडाची वीण आणि केसांच्या बटाही जातात. नायक कचकड्याचा बाहुला दिसू लागतो. त्यावर कृत्रिम धार चढवली की कडांना पांढरी रेघ येते. अशी डिस्क फोर-के असूनही जुन्या ब्ल्यू-रेपेक्षा वाईट असू शकते. विकत घेण्याआधी चेहऱ्याच्या जवळच्या दृश्याची पूर्ण आकारातली स्थिरचित्रे दोन्ही आवृत्त्यांतून शेजारीशेजारी ठेवून पाहा.

आणि अंतराचे गणित विसरू नका. ५५ इंची पडद्यापासून सुमारे २.२ मीटरपलीकडे बसलात तर सर्वसाधारण दृष्टीला १०८० आणि फोर-केमधला निव्वळ ठिपक्यांचा फरक कळत नाही. ६५ इंचीसाठी हेच अंतर सुमारे २.६ मीटर. एचडीआरचा फरक मात्र लांबूनही दिसतो.

प्रश्न: वेगळा प्लेअर घ्यावा की गेम कन्सोल किंवा संगणकावर भागेल?

संगणकाचा नाद सोडा. फोर-के डिस्क अधिकृतपणे चालवण्यासाठी इंटेल प्रोसेसरमधली एसजीएक्स ही सुरक्षा सुविधा लागते, आणि इंटेलने ११व्या पिढीपासून घरगुती प्रोसेसरमधून ती काढून टाकली. म्हणजे संगणक जितका नवा, तितकी अडचण.

डिस्क ड्राइव्ह असलेला प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स या डिस्क चालवतो, पण दोन्हींवर डिस्कमधले डॉल्बी व्हिजन (दृश्यागणिक जुळवून घेणारा एचडीआरचा प्रकार) मिळत नाही; एचडीआर१० हा साधा प्रकार मिळतो. प्लेस्टेशन ४ आणि ४ प्रो मात्र फोर-के डिस्क वाचतच नाहीत. घरात कन्सोल आधीच असेल तर पहिल्या दहा-पंधरा डिस्क त्यावर बघा. डॉल्बी व्हिजन हवे असेल, किंवा पंख्याचा आवाज शांत प्रसंगांत टोचू लागला, तर वेगळा प्लेअर घ्या. टीव्हीचा उजेड मर्यादित असेल तर प्लेअरमध्ये चांगले टोन मॅपिंग (जास्त उजेडाचे चित्र टीव्हीच्या मर्यादेत बसवणे) आहे का, हे आवर्जून पाहा. डिस्क १,००० किंवा ४,००० निटच्या (निट हे उजेडाचे माप) पडद्यावर रंगवलेली असते आणि घरचा टीव्ही ५०० निटचा असला, तर ज्वाळेच्या गाभ्यातला तपशील नुसता पांढरा पडतो.

प्रश्न: सगळी साधने नवी आहेत. तरी टीव्हीवर एचडीआरची खूण येत नाही आणि साऊंडबार अ‍ॅटमॉस दाखवत नाही. चूक कुठे?

बहुधा सेटिंगमध्ये. या क्रमाने तपासा.

टीव्हीच्या मेन्यूत ज्या एचडीएमआय पोर्टला प्लेअर जोडला आहे, त्या पोर्टपुरता ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘डीप कलर’ पर्याय चालू करा. अनेक टीव्हींत तो बंद असतो, आणि प्रत्येक पोर्टला वेगळा असतो. मध्ये जुना अ‍ॅम्प्लिफायर असेल तर तो एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारे कुलूप) मानतो का, ते पाहा; नसेल तर चित्र १०८०वर उतरते किंवा येतच नाही.

आवाजासाठी प्लेअरमध्ये डिजिटल आउटपुट ‘बिटस्ट्रीम’ (आवाज न उलगडता पुढे पाठवणे) ठेवा आणि ‘सेकंडरी ऑडिओ’ किंवा ‘बीडी ऑडिओ मिक्स’ बंद करा. हा पर्याय चालू असला की मेन्यूचे आवाज मिसळता यावेत म्हणून प्लेअर मूळ ट्रॅक स्वतःच उलगडतो आणि अ‍ॅटमॉसची माहिती वाटेतच गळते. आवाज टीव्हीमार्गे साऊंडबारला जात असेल तर दोन्हीकडे ई-आर्क हवे, म्हणजे टीव्हीतून आवाज बाहेर नेणाऱ्या ‘आर्क’ या एचडीएमआय सोयीचा सुधारित प्रकार. साध्या आर्कमधून ट्रूएचडी जात नाही. साऊंडबारला एचडीएमआय इनपुट असेल आणि तो फोर-के एचडीआर पुढे पाठवत असेल, तर प्लेअर थेट त्यालाच जोडणे सर्वांत सुटसुटीत.

केबलबद्दल एक खूण. सेकंदाला २४ फ्रेमच्या फोर-के चित्राला सुमारे ९ गिगाबिटची क्षमता पुरते. ६० फ्रेमची डिस्क लावली, उदाहरणार्थ २०१९चा ‘जेमिनी मॅन’, की हीच गरज १८ गिगाबिटपर्यंत जाते. एरवी सगळे ठीक आणि अशाच डिस्कवर पडदा मध्येच काळा होत असेल, तर दोष केबलचा. १८ गिगाबिटची प्रमाणित ‘प्रीमियम हाय स्पीड’ केबल घ्या आणि शक्यतो ३ मीटरच्या आत राहा.

प्रश्न: नवी कोरी डिस्क साधारण तासाभराने अडकते. ओरखडा एकही नाही. प्लेअर बिघडला का?

तसे लगेच समजू नका. १०० जीबीच्या डिस्कमध्ये तीन थर एकावर एक असतात आणि लेसरला एका थरावरून दुसऱ्यावर उडी मारावी लागते. ती उडी अनेकदा चित्रपटाच्या मधल्या भागात येते. माहितीचे थर पृष्ठभागाच्या अगदी जवळ, सुमारे ०.१ मिमी आत असतात (डीव्हीडीत ०.६ मिमी). त्यामुळे बोटाचा पुसट ठसा किंवा कारखान्यातून आलेला तेलकट पातळ थरही लेसरला पुरतो.

कोमट पाण्यात भांडी घासायच्या सौम्य द्रवाचे दोन थेंब टाका आणि बोटाच्या पोटाने डिस्कची खालची बाजू हलकेच धुवा. स्वच्छ पाण्याने खळबळा, मग मायक्रोफायबरने मधून कडेकडे सरळ रेषेत टिपा. गोल फिरवून पुसू नका. गोल ओरखडा डेटाच्या रेषेबरोबर धावतो आणि एकाच जागची सलग माहिती नासवतो. पूर्ण वाळू द्या. त्यानंतर प्लेअरचे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करा आणि तो बंद कपाटात कोंडला असेल तर बाहेर काढा. उष्णतेनेही वाचन चुकते. इतके करूनही त्याच मिनिटाला अडकली तर डिस्क सदोष, बदलून घ्या. वेगवेगळ्या डिस्क वेगवेगळ्या जागी अडकत असतील, तर मात्र संशय प्लेअरवर.

म्हणूनच नवी डिस्क परतीची मुदत असतानाच पूर्ण पाहून टाकावी. न उघडता रचून ठेवलेल्या डिस्कचा दोष दोन वर्षांनी कळून उपयोग नाही.

प्रश्न: परदेशी आवृत्ती माझ्या प्लेअरवर चालेल का?

फोर-के डिस्कला रीजनचे, म्हणजे ठरावीक देशांपुरतेच चालण्याचे, कुलूप नाही. तिच्याबरोबर डबीत येणाऱ्या साध्या ब्ल्यू-रेला मात्र ए, बी किंवा सी रीजन असू शकतो, आणि पुरवणी माहितीपट बहुधा त्याच डिस्कवर असतात. उपशीर्षके कोणत्या भाषांत आहेत, तेही आधी वाचा.

प्रश्न: स्फोटांनी भिंती हादरतात, पण संवाद ऐकूच येत नाहीत. सारखा रिमोट हातात.

डिस्कवरचा आवाज चित्रपटगृहातल्या चढउतारासाठी मिसळलेला असतो, म्हणून हे होते. पाच किंवा अधिक स्पीकर असतील तर सेंटर चॅनल (मुख्यतः संवादांचा मधला स्पीकर) २ ते ३ डेसिबलने वाढवा, सगळे स्पीकर ‘स्मॉल’ ठेवून ८० हर्ट्झखालचा आवाज सबवूफरकडे वळवा. सेंटर स्पीकर फळीत खोल सारला असेल तर पुढच्या कडेला आणा आणि कानाच्या दिशेने वळवा. एवढ्यानेच पुष्कळदा काम होते. रात्रीसाठी ‘नाइट मोड’ आहे, तो चढउतार आवळतो.

टीव्हीच्या दोनच स्पीकरवर ऐकत असाल तर अडचण उलटी. अनेक चॅनल दोनात घालताना खालच्या धमाक्यांचा स्वतंत्र चॅनल सहसा टाकूनच दिला जातो. तेव्हा डिस्कवर स्टीरिओ ट्रॅक आहे का, ते आधी पाहा.