कोल्हापुरात मार सोसणाऱ्या बायकांसाठी काम कुठून सुरू करावं?

तुम्ही लिहिलंय की राजारामपुरीतल्या तुम्ही पाचजणी मिळून बायकांवरच्या अत्याचाराविरुद्ध काहीतरी करायचं म्हणताय, तर सुरुवात रॅलीनं करावी का? काढा की. पण बिंदू चौकातल्या रॅलीत मार खाणारी बाई येत नाही. तिला घरातनं निघायचंच कारण मिळत नाही.

मी शिवाजी पेठेतली. आमची सुरुवात हळदीकुंकवात झाली. वकीलबाईंना बोलावलं, त्या तासभर बोलल्या, सगळ्या गप्प. वाण घेताना मात्र एकीनं हळूच विचारलं, "घर सासऱ्यांच्या नावावर हाय, मला बाहेर काढतील का?" तेव्हापासून आम्ही भाषण पंधरा मिनिटांचं केलं आणि वाण वाटायला तास ठेवला.

तिला मिळालेलं उत्तर तुम्हीही पाठ करा. 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्यानं, घर कुणाच्याही नावावर असो, ती नांदत असलेल्या घरात राहायचा तिला हक्क आहे. मनात आलं म्हणून तिला हाकलता येत नाही. अर्जही ती सध्या राहते तिथल्या कोर्टात चालतो. सासर सांगलीचं आणि ती माहेरी कोल्हापुरात असेल, तर कसबा बावड्यातल्या न्यायसंकुलात. अर्जाला संरक्षण अधिकारी, म्हणजे याच कायद्यासाठी सरकारनं नेमलेले अधिकारी, मदत करतात. विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो, बाईला उत्पन्नाची अट नाही.

आता माझी चूक सांगते. सुरुवातीला आम्ही तिघी एका नवऱ्याला समजवायला गेलो. त्यानं हात जोडले, चहा पाजला. रात्री तिला दुप्पट मारलं आणि तिचा फोन काढून घेतला. पुढं आठ महिने ती आमच्याशी बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं नव्हतं. तेव्हापासून मध्यस्थी बंद. तिला विचारल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. जिवावर बेतलं तर मात्र थांबायचं नाही, 112 लावायचा. शेजाऱ्यांना हेही सांगा, की असं घडतंय अशी माहिती संरक्षण अधिकाऱ्यांना कुणीही देऊ शकतं, आणि चांगल्या हेतूनं दिली तर त्यासाठी कारवाई होत नाही. "उगंच कोर्टकचेरी मागं लागंल" या भीतीनं निम्मी गल्ली गप्प असते.

ती बोलायला लागली की "तू काय बोललीस त्याला?" हे विचारू नका. "मुलांकडं बघून सोस" तर नकोच. सीपीआरला, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्यात, नेलंत तर डॉक्टरांना खरं सांगायला तिला धीर द्या. "जिन्यावरनं पडले" असं केसपेपरवर लिहिलं गेलं, की पुढं कोर्टात तोच कागद तिला नडतो. आधार, पासबुक, मुलांचे दाखले, लग्नपत्रिका, सगळ्याच्या झेरॉक्स विश्वासाच्या घरी ठेवायच्या. आमच्याकडं हे काम भिशी चालवणाऱ्या एक काकू करतात. त्यांच्याकडं कोण का आलं, याचा संशय कुणाला येत नाही. रात्री आसरा लागला तर अशा बायकांसाठीचं सरकारी सखी केंद्र आहे, 181 या महिला हेल्पलाइनवर विचारा.

आणि पुरुषांना सोडू नका. तालमीत जा, मंडळाच्या बैठकीत दहा मिनिटं मागा. "घरातलं भांडण हाय ओ मावशी" असं कुणीतरी म्हणतंच. मग मी सांगते, याच कोल्हापुरात 1919 साली शाहू महाराजांनी बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला होता. महाराजांचं नाव निघाल्यावर वाद घालायला इथं कोण पुढं येतंय? एका मंडळानं तर पुढच्या गणपतीत, आम्हाला न विचारता, मांडवात 181 चा फलक लावला. तुम्ही लावून घेताना अक्षराचा आकार आधी ठरवा. आमच्या फलकावर देणगीदारांची नावं हातभर आणि नंबर बोटभर होता.