सैन्यातून निवृत्त झाल्यावर माहितीपट आणि लष्करी इतिहासलेखनात करिअर करता येतं का?

तुम्ही लिहिलंय, की पुढच्या वर्षी हवालदार म्हणून पेन्शनीत येताय, गाव रत्नागिरी जिल्ह्यात, कोकणातल्या सैनिकांवर लिहायचंय आणि माहितीपट काढायचेत. शिक्षण कमी पडेल का आणि पोट भरेल का, हे विचारलंय. मीही हवालदार म्हणूनच आलो, मराठा लाइट इन्फंट्रीतून. त्यामुळे राहवलं नाही.

शिक्षण कमी पडत नाही.

माझं पहिलं काम नाईक यशवंत घाडगे यांच्यावर. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. 10 जुलै 1944 ला इटलीत पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक. सेक्शनमधले, म्हणजे त्यांच्या छोट्या तुकडीतले, बाकी सगळे मेलेले किंवा जखमी, हे एकटेच मशीनगनवर धावून गेले. ग्रेनेडने गन आणि गनर उडवला, एकाला टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, पाडलं. मॅगझीन बदलायला वेळ नव्हता, म्हणून टॉमीगन नळीकडून धरून उरलेल्या दोघांना ठेचून मारलं. मग स्नायपरच्या गोळ्यांनी गेले.

'नळीकडून धरून' या शब्दांपाशी मी थांबलो. रेंजवर एलएमजीची, म्हणजे हलक्या मशीनगनची, नळी बदलताना माझा तळवा एकदा नुसता टेकला होता, तर आठवडाभर फोड होता. म्हणून मी लिहिलं, 'तापलेली नळी त्यांनी उघड्या हाताने धरली.' प्रकाशकाने नेमकं तेच वाक्य खोडलं. म्हणाले, "संदर्भ काय? हवालदाराने आठवणी लिहाव्यात, इतिहास अधिकारी लिहितात. एखाद्या कर्नलसाहेबांचं नाव जोडा, छापतो."

मी बाड उचलून घरी आलो. ते वाक्य तसंच्या तसं माहितीपटात घातलं. शेजारच्या गावात एका पडवीत तो दाखवला, तेव्हा 1971 च्या लढाईतले एक पेन्शनर काका ते वाक्य येताच स्वतःचा तळवा उलटा करून बघत बसले. प्रकाशक तेव्हा तिथे हवे होते.

तुम्ही सुरुवात आपल्याच गावापासून करा. शाळेच्या किंवा चावडीच्या भिंतीत 1914-1919 ची, म्हणजे पहिल्या महायुद्धाची, पाटी आहे का बघा. काथ्याने घासा, अक्षरांत रांगोळी भरा, वाचता येईल: इतके लढाईवर गेले, इतके मेले. नावं नाहीत. इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावरही आपल्या साध्या शिपायांचे फक्त आकडे आहेत. नावं मिळतील ती घरांतच, म्हाताऱ्या माणसांकडे. त्यांना पराक्रम विचारू नका. पाठीवर काय होतं, बूट कसला होता, पत्र कोण वाचून दाखवायचं, हे विचारा. हे प्रश्न आपल्यालाच सुचतात, प्राध्यापकांना नाही. रेकॉर्डिंग खळ्यात करू नका, माडांची झापं आवाज खातात. माजघरात बसा.

पोट भरत नाही. माझं घर पेन्शनवर आणि चार हापूसच्या कलमांवर चालतं. कम्युटेशनचा, म्हणजे पेन्शनचा भाग विकून एकरकमी मिळणारा, पैसा कॅमेऱ्यात घालू नका, चांगला माइक घ्या. स्वतःच्या पोस्टिंगबद्दल जपून, 1923 चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट, म्हणजे सरकारी गुपितांचा कायदा, पेन्शनीतही लागू असतो. आणि तर्क असेल तर तर्क म्हणूनच लिहा. संदर्भ विचारला यात प्रकाशकाचं चुकलं नव्हतं. आता मी 'नळी तापलेलीच असणार' असं लिहितो.

पण कव्हरवर नाव तुमचंच घाला, पुढे हवालदार लावून. कर्नलसाहेबांचं जोडू नका.