माळ्यावरचा संसार कमी कसा करू?

प्रश्न: ताई, सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली. आम्ही आता वन बीएचकेमध्ये शिफ्ट होतोय. माळ्यावर त्यांची पितळेची भांडी, घंगाळ, नऊवारींचं गाठोडं, शिवाय आमच्या लग्नात आलेली नावं कोरलेली स्टीलची भांडी. मिस्टर म्हणतात मोडीत टाक, पण हातच उचलत नाही.

उत्तर: अगं आधी साड्या काढ, भांडी नंतर, कारण भांड्यांपाशी बसलीस की प्रत्येकावरचं नाव वाचत बसणार, माझं तेच झालं, अख्खा रविवार गेला आणि एक वाटी पण घराबाहेर गेली नाही. सुती नऊवारींची गोधडी शिवून घे, एका साडीत साधारण ८ मीटर कापड असतं. सिंथेटिक बोहारणीला दे, पण बदल्यात नवा टोप घेऊन येऊ नकोस हां, म्हणजे झालंच मग! जरीच्या मात्र घाईने देऊ नकोस, जुन्या जरीत खरी चांदी असू शकते, जाणकाराला दाखव.

पितळ मोडीत नुसतं वजनावर जातं, घडणावळीचे पैसे कोणी देत नाही, म्हणून आधी नणंदेला, जावेला विचार, त्यांचाही जीव असेल त्यात. एक पातेलं स्वतःला ठेव, कल्हई करून रोज वापर (कल्हईशिवाय आमटी-कढी नको, आंबट कळकतं). स्टील बिनधास्त वाट. घंगाळ? नव्या बाथरूमचं माप घे आणि मग ठरव.