निवृत्तीची योग्य वेळ कशी ठरवावी?

कितव्या वर्षी थांबावं असं विचारताय, पण मी वयाआधी खर्च विचारेन. गेल्या बारा महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा आणि वर्षाला खरोखर किती लागतं ते मांडा. अंदाजाने नको, विम्याचा हप्ता, घराची डागडुजी, दातांचं बिल हमखास सुटतं.

त्या आकड्याच्या २५ पट पुंजी साठली, ही थांबायची ढोबळ खूण. विल्यम बेंगेन या अमेरिकी सल्लागाराने १९९४ साली मांडलेल्या हिशेबातून ती आली: पहिल्या वर्षी पुंजीतले साधारण ४ टक्के काढायचे, पुढे महागाईप्रमाणे रक्कम वाढवायची, तर पैसे ३० वर्षं पुरावेत. पण हे गणित अमेरिकेच्या बाजाराचं. पंचेचाळिशीत थांबणाऱ्याने त्यावर विसंबू नये. महागाई ६ टक्के धरली तर खर्च १२ वर्षांत दुप्पट होतो, हे लोक सोयीस्करपणे विसरतात.

खरी मेख पहिल्या चार-पाच वर्षांत असते. निवृत्त झाल्याझाल्या शेअर बाजार कोसळला तर पडत्या भावात गुंतवणूक विकून घर चालवावं लागतं. पुढे बाजार सावरला तरी विकलेलं परत येत नाही. म्हणून दोन-तीन वर्षांचा खर्च मुदत ठेवीत बाजूला काढल्याशिवाय राजीनामा देऊ नका. कर्ज फेडलेलं असावं, हे वेगळं सांगायला नको.

साहेबाला कंटाळून सोडत असाल तर निवृत्ती कशाला, नोकरी बदला की! आणि जमलं तर आधी महिनाभर रजा घ्या, कुठेही फिरायला न जाता. मंगळवारी सकाळी अकराला करायचं काय, हे तेव्हाच कळेल. घरच्यांनाही कळेल.